ताटी आतून लागते

(दिंडीच्या शतकपूर्ती सप्ताहात पाचव्या दिवशी सायंकाळी, हरिपाठापूर्वी झालेले चिंतन. आमच्या वीणेकरी बुवांनी ते तोंडी सांगितले. शब्दांकन करताना त्यांची बोली शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

मला अर्धा तास दिलाय आणि विषय दिलाय, 'दिंडीची शंभर वर्षं'. तो विषय माझ्यापेक्षा चांगला सांगणारी माणसं इथं बसली आहेत. माझ्या आज्याबरोबर जे चालले त्यांची नातवंडं समोर आहेत. तेव्हा उल्हासनगर हे नावसुद्धा नव्हतं. महायुद्धात कल्याण कॅम्प झाला, मग १९४७ ला सिंध सोडून आलेली लाखाच्या आसपास माणसं त्या बराकींत उतरली, आणि १९४९ साली राजाजींच्या हस्ते गावाला नाव मिळालं. आमची दिंडी त्याच्या आधीची. भात कापून, मळणी आटपून, कणग्या भरून कार्तिकीला आळंदीला जायचं. बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत, खोपोली, मग बोरघाट. रेल्वे तेव्हाही होती, पण गाडीत बसून वारी होत नाही असं आज्याचं म्हणणं. हे सगळं या ग्रंथात दुसऱ्या कोणी लिहिलं असणारच. मी आज वेगळं बोलणार आहे. दिंडीचालकांना विचारून बोलतोय.

वीणा माझ्या गळ्यात २००३ पासून आहे. वीणेकऱ्याला लोक काय समजतात ते तुम्हाला माहीत आहे. आपल्यात लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, पण वीणेकऱ्याच्या पाया पडताना माणूस जरा जास्त वाकतो. लहान लेकराला आई पुढं ढकलते, "बाबांच्या पाया पड". पहिली दोन वर्षं मला लाज वाटायची. तिसऱ्या वर्षापासून वाटेनाशी झाली. इथं काहीतरी बिघडलं हे मला आज कळतंय.

तर आता ऐका.

२००६ साली आमच्या वडिलांच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं. आपल्या भागात तेव्हा काय चाललं होतं ते सांगायला नको. ज्या खाचरात कालपर्यंत आवण लावली तिथं बिल्डरची पाटी लागायची. सातबाऱ्यावर नावं आम्हा दोघा भावांची आणि ताईची. वडील गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं होतं. लेकीला बापाच्या हिश्शात वाटा आहे हा कायदा १९५६ चा. वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क, ही दुरुस्ती २००५ च्या सप्टेंबरात लागू झाली. म्हणजे आमचा व्यवहार झाला तेव्हा कायदा नवाकोरा होता आणि दलाल लोकांना तो आमच्यापेक्षा आधी पाठ होता. दलाल म्हणाला, बहिणीचं हक्कसोड घ्या, मग पुढं बोलू.

मी कागद घेऊन ताईकडे गेलो. तिचं सासर नेरळच्या पुढं. मी धाकटा, तिनं मला कडेवर खेळवलेलं. गेल्या गेल्या तिनं तांदळाची भाकरी टाकली, सुकटीची चटणी काढायला लागली, मग हसली, म्हणाली, "आरं, तू माळकरी, विसरलेच", आणि वालाचं बिरडं वाढलं. जेवलो. हात धुतले. कागद काढला आणि सांगितलं, "ताई, वारस नोंदीचा कागद आहे, तलाठ्यानं मागितलाय." ती दुसरीपर्यंत शिकलेली. तिनं एवढंच विचारलं, "सही कुठं करायची, दादूस?" मी बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. पुढं नोंदणीला तिला नेलं तेव्हाही सगळं घाईत झालं, अंगठा, फोटो, चला. परत सोडताना साडी घेतली. जमीन विकली, घर बांधलं, दोन मजली. वास्तुशांतीला ताई आली आणि सगळं घर बघून म्हणाली, बाबा असते तर.

माउलींनो, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही अर्धंच.

आता गंमत बघा. गंमत कसली, पण शब्द तोच येतो. आपली दिंडी ताईच्या गावावरून जाते. फाट्यावर गावची मंडळी चहा-लाडू घेऊन उभी असतात. ताई दर साल तिथं. येणार, वीणेला बुक्का लावणार, वीणेच्या पाया पडणार. आणि वीणा कोणाच्या गळ्यात? तिला फसवणाऱ्याच्या. सोळा वर्षं ती वाकली आणि सोळा वर्षं मी तारांकडे बघितलं. तिच्या तोंडाकडे बघायची छाती झाली नाही. मुखात नाम, हातात वीणा, आणि पोटात तो कागद.

तुम्ही विचाराल, मग भजन कसं गोड व्हायचं? व्हायचं. उलट जास्त गोड व्हायचं. जे आत झाकायचं असतं त्याच्यावर माणूस बाहेरून चांगला गिलावा करतो.

एक आणखी सांगतो, ते जास्त वाईट आहे. दहाएक वर्षांपूर्वी आपल्या दिंडीत एक गृहस्थ होते. नाव घेत नाही, त्यांची मुलं इथं आहेत. अंबरनाथला आयुध कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, टाळ सुरेख वाजवायचे. घाटाच्या पायथ्याशी मुक्काम होता. रात्री त्यांच्या पिशवीत बाटली सापडली. मी काय केलं? शंभर माणसांत त्यांना उभं केलं. माळेचा अपमान, दिंडीचा अपमान, पूर्वजांचा अपमान, जे तोंडाला येईल ते बोललो. त्यांचा टाळ काढून घेतला. ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आपण घाट चढलो तेव्हा ते फर्लांगभर मागं एकटे चालत होते. लोणावळ्याला तसेच, वडगावला तसेच. देहूला आपण इंद्रायणीवर उतरलो तेव्हा ते पलीकडे बसले होते. आळंदीपर्यंत आले. दर्शन घेतलं आणि एसटीनं घरी गेले. पुढच्या वर्षी आले नाहीत. आता ते हयात नाहीत.

मला सगळ्यांनी शाबासकी दिली होती, बुवांनी शिस्त राखली म्हणून. नियम बरोबरच होता, मी तो आजही बदला म्हणत नाही. पण त्या रात्री माझ्या आवाजाला जी धार होती ती कुठून आली? त्यांच्या बाटलीमुळं एवढा राग यायचं कारण नव्हतं. आमच्या गावात पिणारे काय कमी बघितलेत मी? त्यांनी पिशवीत लपवलं होतं. लपवलेलं सापडलं, आणि मी पिसाळलो. माझं लपवलेलं कपाटात होतं.

माझी नात कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिला मी ही गोष्ट नाव न घेता सांगितली, तर ती म्हणाली, आजोबा, स्वित्झर्लंडमध्ये कार्ल युंग नावाचे मनाचे डॉक्टर होऊन गेले, १९६१ साली वारले. त्यांनी याला माणसाची सावली म्हटलंय. आपल्यातलं जे आपल्याला बघवत नाही ते आपण मागं टाकतो, आणि मग तेच दुसऱ्याच्या अंगावर पडलेलं दिसतं, तिथं आपण त्याला मारायला धावतो. मी म्हटलं, बाई गं, हे मला घाटाच्या पायथ्याशी कोणी सांगायला हवं होतं.

सावलीचं तुम्ही चालणारे जाणताच. लोणावळा सोडून देहूकडे निघालो की आपलं तोंड उगवतीकडे. सकाळी सावली मागं असते, माणसाला वाटतं आपण नुसते उजेडातच चाललोय. दुपार कलली की तीच सावली पायातून निघून पुढं जाते, आणि मग संध्याकाळपर्यंत तिच्यावरच पाय देत चालायचं. वय झालं की असंच होतं.

आता संतांकडे येतो, नाहीतर म्हणाल बुवा स्वतःचंच गाऱ्हाणं घेऊन बसले.

आपल्या संप्रदायाची एक गोष्ट मला उशिरा कळली. आपल्याकडे संतांचे दोष झाकलेले नाहीत. तेरढोकीला संतमंडळी जमली तेव्हा गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर वाजवून बघितलं, कोणतं मडकं भाजलेलं, कोणतं कच्चं. बाकी सगळे गप्प बसले, नामदेवराय तेवढे चिडले. मी देवाचा लाडका, मला मारता काय! आणि काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं. ज्याच्याशी पांडुरंग बोलतो, ज्याच्या हातचं जेवतो, तो कच्चा निघाला. नामदेवरायांना वाईट वाटलं, ते देवाकडे तक्रार घेऊन गेले, आणि देवानंही समजूत घातली नाही. विसोबा खेचरांकडे जा म्हणून पाठवलं. मग औंढ्या नागनाथाची ती पिंडीवर पाय ठेवण्याची कथा. ती तुम्ही शंभरदा ऐकलीय.

मला सांगायचंय ते वेगळंच. ही गोष्ट आपल्यापर्यंत आलीच कशी? नामदेवांना मानणाऱ्यांनीच ती सांगितली. नामदेवांच्या गाथेतच ती आहे. आपल्या घराण्यातल्या मोठ्या माणसाची फजिती आपण कधी लिहून ठेवू का? या शताब्दी ग्रंथात बघा, शंभर वर्षांत आपल्या दिंडीत एकही भांडण झालं नाही असं वाटावं इतके सगळे फोटो हसरे आहेत. (हे संपादकांना उद्देशून नाही हो. थोडं आहे.)

आणि ज्यांच्याकडे पाठवलं ते विसोबा कोण? आळंदीत माउली आणि भावंडांचा छळ करणाऱ्यांतले एक, असं आपल्याकडे सांगतात. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून ज्यानं कुंभारवाड्यात आडकाठी केली तोच हा माणूस. मग माउलींच्या पाठीवर मांडे भाजलेले त्यानं डोळ्यांनी बघितले, ताटातलं उष्टं घ्यायला धावला, तेव्हा 'खेचर' म्हणून त्याला दूर सारलं. खेचर म्हणजे गाढवाच्या जातीचं ओझ्याचं जनावर. माणूस काय करेल? ते नाव टाकून देईल. यानं तेच नाव जन्मभर लावलं. विसोबा खेचर. आज आपण आदरानं त्यांचं नाव घेतो तेव्हा त्यांचा अपराध नावाच्या मागं चिकटूनच येतो, आणि त्यांना त्याचं वावगं नव्हतं. नामदेवरायांना कच्चेपण दाखवायला असाच गुरू लागला, ज्याला आपलं खेचरपण ठाऊक होतं. एखादा स्वच्छ धुतलेला ज्ञानी माणूस तिथं चालला नसता असं मला वाटतं.

तुकोबांचं तर विचारू नका. २०२० साली कोरोनात वारी बंद. आषाढीला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, आणि कार्तिकीला आपण सगळे घरात. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी कार्तिकात घरी होतो. फाट्यावर ताई उभी नाही, माझ्या गळ्यात वीणा नाही, पाया पडायला कोणी नाही. सकाळी गाथा घेऊन बसायचो. तुकोबांनी स्वतःचं चरित्र सांगितलंय तो अभंग आपल्याला पाठ असतो. मी कीर्तनात कितीदा लावलाय. पण त्या दिवशी वाचताना थांबलो. संतांनी विचारलं म्हणून ते सांगतात, आणि सांगतात काय? दुष्काळात पैसा गेला, मान गेला. बायको अन्न अन्न करून मेली. याची लाज वाटली. धंदा बुडाला. मग देवळाचा जीर्णोद्धार मनात आला, एकादशीला कीर्तन करू लागलो, आणि तरी सुरुवातीला त्यात चित्त नव्हतं. हे कोण सांगतंय? ज्याच्या गाथेवर आज आपण उभे आहोत तो. आपण काय सांगितलं असतं? मला लहानपणापासूनच ओढ होती, असं. मी सांगितलंय, एका मुलाखतीत. चार वर्षांचा असताना टाळ धरला म्हणून. खरं तर वडील काठी घेऊन बसवायचे.

कीर्तनात आधी चित्त नव्हतं, हे वाक्य तुकोबांनी वगळलं असतं तर कोणाचं काय अडलं होतं? पण ते वगळलं नाही, म्हणून माझ्यासारख्याला जागा झाली. 

आणि त्यांचे कर्जरोखे. सावकारी घरातली होती, लोकांकडून येणं होतं. भाऊ कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि स्वतःचे कागद इंद्रायणीत सोडले. पहिल्यांदा नदीत गेले ते कर्जाचे कागद. अभंगाच्या वह्या नंतर. मी दर साल त्याच देहूच्या घाटावर अंघोळ करून कोरडा होऊन पुढं जात होतो आणि माझा कागद घरी सुखरूप होता. त्यांनी भावाचा वाटा आधी वेगळा काढला हे लक्षात घ्या. दुसऱ्याचं उदार होऊन बुडवलं नाही.

इथं कोणी म्हणेल, बुवा, मग नदीत सोडलं की झालं. नाही. आपल्याला नदीत सोडायची सवय आहेच की. वालधुनी बघा. अंबरनाथच्या देवळाशेजारून वाहणारी नदी. आम्ही पोरं तिच्यात मासे धरायचो. मग जे घरात नको, कारखान्यात नको, ते तिच्यात सोडलं. कधी निळी, कधी काळी, नाकाला फडकं लावून पूल ओलांडायचा. सोडलं म्हणजे गेलं असं वाटतं. २६ जुलै २००५ ला काय झालं आठवतंय ना? जे सोडलं होतं ते पाण्याबरोबर उंबरा ओलांडून देव्हाऱ्यापर्यंत आलं. ज्यांच्या घरात तो गाळ शिरला त्यांनी तो स्वतःच्या हातानं, घमेल्यानं काढला. दुसरा उपाय नव्हता.

देवळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. बाहेरून दगडात काय नक्षी आहे, बघत राहावं. लोक बाहेरूनच फोटो काढतात. पण देव कुठं आहे? सभामंडपातून गाभाऱ्यात जायला चढायचं नाही, उतरायचं. पायऱ्या उतरत उतरत जमिनीच्या खाली जायचं, अंधार, दमट, पाय जपून. आणि खाली पोचून पिंडीजवळ उभं राहून वर बघितलं तर शिखर पुरं नाही, मोकळं आकाश. महाशिवरात्रीला लाखो माणसं रांगेत उभं राहून तेवढ्यासाठी खाली उतरतात. मी लहानपणापासून तिथं जातोय, पण त्या पायऱ्या माझ्यासाठी आहेत हे मला साठीत कळलं.

बरं, आता ताटीबद्दल. माउलींना कोणीतरी दुखावलं, अपमान केला, आणि माउली रागावून, खिन्न होऊन झोपडीचं दार लावून आत बसले. ताटी म्हणजे झापाचं दार. आपल्याकडे कारवीचा कूड असतो ना, कातकरी-ठाकरांच्या घरांना, त्याला जसं झडपं असतं तसं. ज्यांना आपण ज्ञानियांचा राजा म्हणतो तेही रागावले. धाकटी बहीण मुक्ताबाई दाराशी उभी राहिली. तिनं 'तू रागावलासच कसा' म्हणून दादाला टोचलं नाही, आणि 'तुला राग येतच नाही' असं खोटंही सांगितलं नाही. तिनं ते मनात ठेवू नकोस म्हटलं, समजावलं, आणि पुन्हा पुन्हा एकच मागितलं, दार उघड. ताटी बाहेरून फोडता आली असती, झापाची तर होती. पण ती आतूनच उघडायची असते. ते अभंग आपण मुक्ताईच्या नावानं म्हणतो. त्या घरात लावून घेणारा भाऊ होता आणि उघड म्हणणारी बहीण. माझ्याही घरात तेच, फक्त माझ्या बहिणीनं बाहेरून हाक मारली नाही.

का मारली नाही, ते आता सांगतो.

२०२२ च्या पावसाळ्यात मी ताईकडे गेलो. एकटा. कागदाची झेरॉक्स खिशात. तिनं भाकरी टाकायला घेतली, मी म्हटलं, आधी ऐक. सांगून टाकलं. एका दमात नाही, तीनदा अडलो. ती परातीत हात तसेच ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे."

मी म्हटलं, केव्हापासून?

"तू सही घेऊन गेलास त्याच्या दुसऱ्या महिन्यात. तुझ्या भाच्यानं वाचून दाखवला."

मग तू दर वर्षी फाट्यावर येऊन माझ्या पाया कशी पडायचीस?

तिनं काय सांगितलं ऐका. म्हणाली, "मी वीणेच्या पाया पडत होते, दादूस. तुझ्या नाही."

माउलींनो, मी इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, एवढं मला कोणी सुनावलं नाही. आणि त्याच वेळी इतकं हलकंही कधी वाटलं नाही. सोळा वर्षं मी जो चेहरा सांभाळत होतो तो तिनं कधी बघितलाच नव्हता. तिनं मला फसवणारा भाऊ म्हणूनच बघितलं होतं, आणि तरी लाडवाचा डबा आणला होता. देवाचं तसंच असणार. आपण त्याच्यासमोर टिळा नीट करून उभे राहतो. तो आपल्याला मागूनही बघत असतो.

मी विचारलं, तू बोललीस का नाही? म्हणाली, "तू विचारलंस?"

आता कोणाला वाटेल की मग गळ्यात पडलो, रडलो, मिटलं. रडलो मी. ती नाही. तिनं हात धुतले आणि म्हणाली, सांगितलंस बरं केलंस, आता माझ्या वाट्याचं काय ते बोल. मला क्षणभर राग आला हो! मी एवढा मोकळा झालो आणि ही हिशोब विचारते. तो राग आला तेव्हा कळलं की चोर अजून घरातच आहे. मला माफी फुकटात पाहिजे होती. कबूल केलं की पुण्य जमा झालं असं वाटत होतं. माउलींनी तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना पहिलंच अमानित्व घेतलंय आणि त्याला लागून अदंभित्व. दंभ पुण्याचाच होतो असं नाही. 'मी किती पापी' याचाही होतो. आताही मी हे तुमच्यासमोर बोलतोय तेव्हा कुठंतरी आत वाटतंय की लोक म्हणतील, बुवा काय खरे आहेत. ते वाटतंय तेही सांगून ठेवतो.

आणि याची दुसरी बाजू पण आहे, ती बायाबापड्यांसाठी सांगतो. सगळंच पाप नसतं. आपल्या दिंडीतल्या एक माउली मला म्हणाल्या, मालक गेल्यापासून मला देवाचा राग येतो, तुळस डोक्यावर घेऊ का नको? मी म्हटलं, जनाबाईनं विठोबाला किती शिव्या घातल्यात त्या वाचा आधी. राग आला म्हणून तुळस उतरत नाही. कोणाला मूल नाही, कोणाचा मुलगा बिघडला, कोणाला सासूचा कंटाळा येतो, आणि सगळ्या समजतात आपल्यातच खोट. जे दुखणं आहे ते दुखणं. त्याला पाप म्हणून झाकलं की ते आत कुजतं. आणि जे मी ताईला केलं त्याला दुखणं म्हणून गोंजारायचं नाही, ते लबाडी होती. दोन्ही विठ्ठलापुढं न्यायचं, पण एकाचं औषध दुसऱ्याला लावायचं नाही. मला हा फरक नीट शब्दांत सांगता येत नाही, जाणत्यांनी सांगावा.

पसायदान आपण रोज म्हणतो. शके १२१२ त नेवाशाला ग्रंथ पुरा झाला आणि माउलींनी देवाकडे मागणं मागितलं. दुष्ट मरोत असं त्यात नाही. त्यांचा वाकडेपणा जावो आणि त्यांना चांगल्या कर्माची गोडी लागो, असं आहे. मी हे म्हणताना कायम दुसरे कोणी डोळ्यांपुढं आणायचो. दलाल, पुढारी, तो बाटलीवाला टाळकरी. ते मागणं माझ्यासाठीच सव्वासातशे वर्षांपूर्वी मागून ठेवलंय, हे ध्यानात यायला ताईची परात लागली.

त्या टाळकऱ्यांची माफी मागायची राहिली. ते गेले. त्यांच्या मुलांना मी भेटलो. मोठ्यानं पाणी दिलं, बसा म्हणाला, आणि म्हणाला, बाबा शेवटपर्यंत कार्तिकीला तारीख विचारायचे. त्यांचा टाळ मी परत दिला. तो आठ वर्षं माझ्या माळ्यावर होता. याचं पुढं काही होणार नाही, ते तसंच राहणार.

घरचं सांगतो आणि थांबतो, हरिपाठाची वेळ होत आली. वरचा मजला ताईच्या नावावर करायचा मी ठरवला आहे. भाऊ म्हणतो, तुझ्या हिश्शातलं तू दे, मला त्यात ओढू नको. त्याचं त्याच्याशी. थोरला मुलगा माझ्याशी नीट बोलत नाही, त्याचं म्हणणं, तुम्ही चूक केलीत आणि भरायची आम्ही का? त्यालाही माझ्याकडे उत्तर नाही. कागद वकिलाकडे आहेत. या वेळी ताईला मी प्रत्येक पान वाचून दाखवलं. भाच्यानं परत एकदा वाचलं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. बरोबर केलं त्यानं.

गेल्या वर्षी मी दिंडीचालकांना म्हटलं, वीणा दुसऱ्याला द्या. ते म्हणाले, बसून ठरवू. बसलो. एक म्हातारे, विमकोत काम केलेले, कमी बोलणारे, म्हणाले, बुवा, वीणा तुमची नाहीच तर परत काय करताय? धरा. पण बाटली सापडली की आता ओरडू नका, बाजूला घेऊन बसा. तर या कार्तिकीपर्यंत तरी धरतोय.

ताईला मी विचारलंय, या साली आमच्याबरोबर आळंदीपर्यंत चालशील का? गुडघे दुखतात म्हणाली. मी म्हटलं, आपल्याकडे टेम्पो आहे सामानाचा, त्यात बस, मुक्कामाला उतर. म्हणाली, "बघते." तुमच्यापैकी नेरळच्या पुढच्या फाट्यावर जे पुढं असतील त्यांनी जरा पताका हळू घ्या. ती तिथं उभी असेल. तिचं गाठोडं बरोबर असलं तर मला मागं निरोप द्या.

रामकृष्ण हरी.